बफेलोच्या बर्फात पॅरिश शाळा: कुठे टिकते, कुठे अडते

अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो आणि आसपासच्या गावांत नव्याने राहायला आलेल्या मराठी घरांत 'कॅथलिक शाळा' म्हटलं की आपल्याकडचं कॉन्व्हेंट डोळ्यांसमोर येतं. उंच भिंत, करडी शिस्त, सिस्टर आणि इंग्रजीचा दरारा. इथे इंग्रजीचा दरारा असण्याचं कारणच नाही, सिस्टर क्वचित दिसतात आणि शिकवणारे बहुतेक सगळे संसारी शिक्षक असतात. इथली प्राथमिक कॅथलिक शाळा ही पॅरिशची शाळा, म्हणजे एका चर्चभोवतीच्या भाविकांच्या समुदायाची, वसईकर ज्याला धर्मग्राम म्हणतात त्याच्या अंगणात, चर्चला खेटून उभी असलेली. बालवर्गापासून आठवीपर्यंत आणि बहुधा एका इयत्तेला एकच तुकडी. या परगण्याशी अशा शाळांचं नातं जुनं आहे. अमेरिकेत धर्मप्रांताच्या, म्हणजे एका बिशपच्या हाताखालच्या अनेक धर्मग्रामांच्या, पातळीवर शाळांची पहिली घडी बसवणारे जॉन न्यूमन १८३६ ते १८४० या काळात विल्यम्सव्हिल आणि नॉर्थ बुश इथे धर्मगुरू होते आणि मुलांना स्वतः शिकवत.

अभ्यास, निकाल, पुढचं हायस्कूल यांवर बोलणारे पुष्कळ आहेत. इथे फक्त नोव्हेंबर ते मार्च या पाच महिन्यांचा विचार केला आहे. आधीच सांगायचं तर वाहतूक आणि वेळापत्रकाच्या बाबतीत ही शाळा सरकारी शाळेपेक्षा डावी आहे, आणि अडचणीच्या दिवशी धावून येणाऱ्या माणसांच्या बाबतीत बरीच उजवी.

बर्फ पडतो तरी कसा

हे समजल्याशिवाय इथल्या शाळेच्या सुट्ट्या समजत नाहीत. ईरी सरोवर सुमारे ३९० किलोमीटर लांब आणि पंचमहासरोवरांतलं सर्वांत उथळ. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पाणी अजून कोमट असतं आणि नैऋत्येकडून आलेला थंड वारा त्याच्या लांबीवरून वाहत येतो. वाटेत तो वाफ उचलतो आणि सरोवराच्या पूर्व टोकाला, म्हणजे नेमका बफेलोवर, बर्फ म्हणून ओततो. हा पट्टा जेमतेम १५-३० किलोमीटर रुंद असतो. पट्ट्याच्या आत समोरची गाडी दिसत नाही आणि बाहेर लख्ख ऊन. नोव्हेंबर २०२२ च्या वादळात दक्षिणेकडच्या हॅम्बर्ग आणि ऑर्चर्ड पार्क भागात ८० इंचांच्या आसपास बर्फ पडला; उत्तरेकडच्या उपनगरांत त्याच्या कितीतरी कमी. त्यामुळे उत्तरेकडच्या ॲम्हर्स्टमधल्या घराच्या खिडकीतून बाहेर बघून 'आज शाळा असणारच' असं ठरवू नये, विशेषतः शाळा दक्षिणेला असेल तर.

सरोवर गोठलं की वाफ बंद होते आणि हा प्रकार मंदावतो. पण म्हणून निर्धास्त राहायचं नाही. जानेवारी १९७७ च्या हिमवादळात सरोवर आधीच गोठलेलं होतं. त्या बर्फावर साठलेला भुसभुशीत थर वाऱ्याने उचलून शहरावर आणून टाकला.

बस: सर्वांत कच्चा दुवा

न्यूयॉर्क राज्याच्या कायद्यानुसार तुमच्या राहत्या पत्त्याच्या सरकारी शाळा डिस्ट्रिक्टने, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या यंत्रणेने, खासगी शाळेतल्या मुलालाही बस द्यायची असते, शाळा घरापासून १५ मैलांच्या आत असेल तर. शहरी डिस्ट्रिक्टचे नियम थोडे वेगळे, तिथे आधी विचारून घ्यावं. सोय उत्तम आणि फुकट, पण तिचा तोटा नेमका हिवाळ्यात कळतो: बस शाळेची नसते, डिस्ट्रिक्टची असते. एका पॅरिश शाळेत पाच-सहा डिस्ट्रिक्टची मुलं येतात. सकाळी त्यांतले दोन डिस्ट्रिक्ट बंद, एक दोन तास उशिरा आणि बाकीचे वेळेवर, अशी स्थिती सहज होते. सरकारी शाळा बंद असेल त्या दिवशी बस देण्याचं बंधन डिस्ट्रिक्टवर नाही. म्हणजे शाळा उघडी, तुमची बस बंद, आणि मुलाला पोचवायचं काम तुमचं.

पहिल्या वर्षी जवळजवळ प्रत्येक घराची फजिती इथेच होते, कारण पालक फक्त शाळेचा संदेश बघतात. दोन्हीकडच्या सूचना फोनवर लावून ठेवाव्या लागतात: शाळेच्या आणि राहत्या डिस्ट्रिक्टच्या. निर्णय बहुधा पहाटे साडेपाचच्या आसपास येतो. 'दोन तास उशीर' असा संदेश आला तर शाळेआधीचा पाळणावर्ग त्या दिवशी नसतो हे गृहीत धरा. आठच्या बैठकीला जाणाऱ्या आईबापांना हा अर्धवट उशीर पूर्ण सुट्टीपेक्षा जास्त छळतो.

त्याहून अवघड म्हणजे दुपारची लवकर सुट्टी. अंदाज बिघडला की अकरा वाजता संदेश येतो, साडेबाराला मुलं बसमध्ये. शाळेनंतरचा वर्ग रद्द होतो. बालवर्गातल्या मुलाला थांब्यावर घ्यायला कुणी मोठं माणूस नसेल तर चालक त्याला उतरवत नाही, परत शाळेत आणतो. आपत्कालीन संपर्काच्या कार्डावर तीन नावं लिहायची असतात. मराठी घरांची ही कार्डं हमखास अर्धी कोरी असतात: आई, बाबा, आणि तिसरं नाव पुण्यातल्या आजीचं. शाळेचं ऑफिस हे बघून हसत नाही, कारण पुढे काय होतं ते त्यांना माहीत असतं. बहुतेक शाळांत वर्गपालक म्हणून एक आई किंवा बाबा नेमलेले असतात. सप्टेंबरमध्येच त्यांच्याशी बोलून शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर राहणाऱ्या एखाद्या घराचं नाव कार्डावर घाला. मुलाला न्यायला येणाऱ्याचं नाव लेखी नसेल तर शाळा मूल सोपवत नाही, ओळखीचा शेजारी असला तरी.

आणखी एक बाब. प्रशासनाची 'प्रवास टाळा' ही सूचना आणि 'प्रवासबंदी' हा आदेश, या दोन वेगळ्या गोष्टी. बंदी असताना गाडी बाहेर काढणं बेकायदेशीर. डिसेंबर २०२२ च्या हिमवादळात ईरी काउंटीत, म्हणजे बफेलोच्या जिल्ह्यात, चाळीसहून अधिक माणसं दगावली. त्यांतली काही बर्फात अडकलेल्या गाड्यांत सापडली.

कपडे आणि गणवेश

गणवेश ही पॅरिश शाळेची खासियत आणि हिवाळ्यातली डोकेदुखी. चौकड्यांचा फ्रॉक किंवा गडद निळी पँट, पांढरा शर्ट, शाळेचं चिन्ह असलेलं स्वेटर किंवा फ्लीस. टोपीवाला हूडी बहुतेक ठिकाणी चालत नाही. फ्रॉकखाली जाड लेगिंग चालते, रंग मात्र ठरावीक. नवीन गणवेश घेण्याआधी शाळेतलं जुन्या गणवेशाचं कपाट बघा. मुलं भराभर वाढतात आणि तिथे एकदोनदा वापरलेली स्वेटरं नाममात्र किमतीला मिळतात.

मधली सुट्टी बाहेरच असते. वाऱ्यासह जाणवणारं तापमान एका मर्यादेखाली गेलं की मुलांना आत ठेवतात. मर्यादा शाळेगणिक वेगळी, पण २० अंश फॅरनहाइट, म्हणजे उणे सात सेल्सिअसच्या आसपास, हा नेहमीचा आकडा. म्हणजे त्याच्या वर मुलं बर्फात खेळणार. स्नोपँट नसलेल्या मुलाला डांबरी पट्टीवर उभं राहावं लागतं आणि बर्फाच्या ढिगावर जाता येत नाही, ही शिक्षा लहान मुलाला वाटते तेवढी लहान नाही.

खरेदी करताना:

- बालवर्गासाठी खांद्यावर पट्टे असलेली स्नोपँट घेऊ नका. संडासाला जाताना ती वेळेवर निघत नाही. कमरेपर्यंतची, लवचीक पट्ट्याची घ्या.
- बूट एक माप मोठे आणि आतलं अस्तर बाहेर काढता येणारे. अस्तर रोज रात्री काढून वाळवायचं. घट्ट बुटात दोन जाड मोजे कोंबले तर पाय जास्त गार पडतो, कारण ऊब धरणारी हवा उरत नाही आणि रक्त नीट फिरत नाही.
- हातात पाच बोटांच्या मोज्याऐवजी चार बोटं एकत्र ठेवणारे, पाणी न शोषणारे मिटन. लोकरीचे विणलेले दहा मिनिटांत भिजतात. दोन जोड द्या, दुसरा दप्तरात.
- आत घालायचे बूट वेगळे. बर्फाचे बूट दाराशी ट्रेमध्ये राहतात, वर्गात जात नाहीत.
- प्रत्येक वस्तूवर नाव, बुटाच्या आतही. काळ्या स्नोपँटचे वीस जोड एकाच खुंट्यांच्या रांगेत असतात.

जुन्या विटांच्या इमारतीत वाफेचे रेडिएटर असतात. खिडकीजवळच्या रांगेत मे महिना, दाराजवळ डिसेंबर. म्हणून एक जाड स्वेटर देण्यापेक्षा पातळ थर दोन. चर्चमध्ये उलट: हीटिंग जेमतेम, छत उंच. आठवड्यातून एकदा मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या सामुदायिक प्रार्थनाविधीला, मुलांना तिथे नेतात, त्या दिवशी आत थर्मल घातलेलं बरं.

डबा

मायक्रोवेव्ह मुलांना वापरू देत नाहीत, त्यामुळे सगळी भिस्त थर्मासवर. उकळतं पाणी भरून दहा मिनिटं झाकून ठेवा, ओता, आणि लगेच वाफाळतं अन्न काठोकाठ भरा. अर्धा भरलेला थर्मास अकरा वाजेपर्यंत कोमट होतो. मऊ खिचडी, वरण-भात, सांबार-भात टिकतात. पोहे आणि उपमा कोरडे गोळे होतात. गरम अन्नावर झाकण लगेच घट्ट लावलं की आत पोकळी होऊन ते उघडत नाही. जेवायला मिळणाऱ्या वीस मिनिटांतली दहा झाकणाशी झटण्यात जातात. मुलाच्या हातून घरी उघडून बघा.

आणि शेंगदाणे. बऱ्याच वर्गांत ॲलर्जीमुळे पूर्ण बंदी असते. आपण कूट कशाकशात घालतो हे आपल्यालाच आठवत नाही: काकडीची कोशिंबीर, साबुदाण्याची खिचडी, भरली वांगी, दाण्याची चटणी लावलेली पोळी. एकादशीचा डबा तर जवळजवळ बादच. शाळेत नर्स असते, पण डिस्ट्रिक्टकडून येणारी, आणि लहान शाळांत ती दिवसभर असेलच असं नाही.

चर्चचं कॅलेंडर आणि हिंदू मूल

कॅथलिक नसलेली मुलं या शाळांत पुष्कळ असतात. धर्मशिक्षणाचा तास सर्वांना आहे आणि त्याला गुणही आहेत. मिस्साला मूल बसतं. ख्रिस्तशरीर, म्हणजे तिथे वाटली जाणारी पवित्र भाकर, घेत नाही. रांगेत जायचं असेल तर हात छातीवर ओलांडून धरायचे, धर्मगुरू आशीर्वाद देतात. दुसरीचं वर्ष जरा जड जातं: वर्गातली कॅथलिक मुलं पहिल्या कम्युनियनची, म्हणजे ख्रिस्तशरीर प्रथम घेण्याच्या विधीची, तयारी करतात आणि त्याबद्दल वर्षभर बोलत असतात. मुलाला आधी समजावून ठेवलं तर प्रश्न येत नाही. ज्यांना धर्मशिक्षण अजिबातच नको असेल त्यांनी ही शाळा घेऊ नये; 'तेवढा तास सोडून' असा पर्याय इथे नसतो.

हिवाळा मात्र याच कॅलेंडरमुळे सुसह्य होतो. ६ डिसेंबरला संत निकोलसचा दिवस: मुलं वर्गाबाहेर बूट ठेवतात, परत येतात तो त्यात चॉकलेटची नाणी. ३ फेब्रुवारीला संत ब्लेझ, दोन मेणबत्त्या फुलीसारख्या गळ्याशी धरून घशासाठी आशीर्वाद, नेमका खोकल्याच्या साथीत. राखेच्या बुधवारी आणि त्या दिवशी सुरू होणाऱ्या, ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या प्रत्येक शुक्रवारी मांस वर्ज्य, त्यामुळे शाळेच्या कँटीनमध्ये चीज पिझ्झा. शाकाहारी मुलाला वर्षभरात निर्धास्त जेवता येतं ते या शुक्रवारी.

माणसं

या शाळेचा खरा कस इथे लागतो. ख्रिसमसच्या आधीच्या आगमनकाळात चर्चच्या दाराशी एक झाड उभं करतात, त्यावर कागदी चिठ्ठ्या: 'मुलगी, ८ वर्षं, कोट माप १०-१२, बूट माप २'. चिठ्ठी घ्यायची, वस्तू आणायची, कागदात न गुंडाळता, चिठ्ठी चिकटवून, दिलेल्या तारखेच्या आत. चुका नेहमीच्याच: चिठ्ठी घेऊन विसरणं, त्यामुळे ते एक मूल राहून जातं, किंवा कोटाऐवजी खेळणं आणणं. कोट गोळा करण्याच्या मोहिमेत मोठ्यांच्या एक्सएल जाकिटांचे ढीग येतात, चेन तुटलेली येतात. कमी पडतात ते मुलांचे बूट आणि पाणी न शोषणारे हातमोजे. द्यायचेच तर ते द्या.

धान्यकोठी बहुधा संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे स्वयंसेवक चालवतात. १८३३ मध्ये पॅरिसमध्ये सुरू झालेली ही संस्था गरजूच्या घरी जाऊन भेटते, हे तिचं वेगळेपण. डबाबंद अन्न द्यायचं तर ओढून उघडणाऱ्या झाकणाचं. सगळ्यांकडे ओपनर नसतो. मदत घ्यायलाही कॅथलिक असावं लागत नाही, हे आपल्याकडच्या नोकरी गेलेल्या किंवा व्हिसात अडकलेल्या कुटुंबांना सहसा माहीत नसतं, आणि माहीत असलं तरी लाज वाटते. हीटिंगचं बिल थकलं असेल तर २११ वर फोन केला की हीटिंगच्या खर्चाला मदत करणाऱ्या राज्याच्या हीप योजनेची माहिती मिळते. नियम उत्पन्न आणि व्हिसाच्या प्रकारावर, विचारून घ्यावं. शाळेचं ऑफिस हा फॉर्म भरायला मदत करतं आणि गावभर करत नाही.

सातवी-आठवीच्या मुलांना सेवेचे तास पूर्ण करायचे असतात, त्यामुळे म्हाताऱ्या धर्मग्रामस्थांचे ड्राइव्हवे साफ करायला फावडी घेऊन फिरणारी टोळी तयार असते. तुमच्याकडे आई-वडील भारतातून आले असतील आणि तुम्ही कामावर असाल तर यादीत नाव द्यायला हरकत नाही. मुलांना दोन गोष्टी आधी सांगाव्या लागतात. एक, घराच्या भिंतीतून बाहेर आलेले, घर गरम ठेवणाऱ्या भट्टीचे पांढरे पाइप आधी मोकळे करायचे, ते बुजले तर कार्बन मोनॉक्साइड घरात साठू शकतो. दोन, साधं मीठ १५ अंश फॅरनहाइटच्या खाली फारसं काम करत नाही. त्या थंडीत कॅल्शियम क्लोराइड लागतं. ओतलेल्या मिठाच्या ढिगाने पायरी सुरक्षित होत नाही, फक्त काँक्रीट खराब होतं.

घरात बाळंतपण किंवा आजारपण असलं की वर्गपालक जेवणाची यादी फिरवतात आणि पंधरा दिवस दाराशी डबे येतात. 'शाकाहारी' एवढंच लिहिलं तर चिकनच्या रश्शातलं भाज्यांचं सूप येतं, अगदी प्रेमाने. 'मांस, मासे, अंडी, रस्सा, जिलेटिन नाही' असं लिहा आणि सोबत दोन सोपे पदार्थ सुचवा.

हे सगळं आपोआप मिळत नाही. फीबरोबर स्वयंसेवेचे तास येतात, न केल्यास बहुतेक शाळा त्याचे पैसे लावतात. तास भरायची सर्वांत सोपी जागा म्हणजे उपवासकाळातल्या शुक्रवारचा फिश फ्राय. बिअरच्या पिठात तळलेला हॅडक मासा, सोबत फ्राइज, कोबीचं स्लॉ, मॅकरोनी सॅलड आणि राय पाव. चार वाजल्यापासून हॉलच्या दाराशी रांग. शाकाहारी माणसासाठी पिरोगी (सारण भरलेल्या पोलिश करंज्या) किंवा मॅक अँड चीज असतं. फ्राइज माशाच्याच तेलात तळतात का, हे मात्र काउंटरवर विचारा. बहुतेकदा उत्तर 'हो' असतं. जानेवारी-फेब्रुवारीत 'मीट रॅफल' नावाचा एक प्रकार असतो: चक्र फिरतं आणि जिंकणाऱ्याला मांसाचं पॅकेट. शाकाहारी कुटुंबाने तिथे जिंकून काय करावं याचा तोडगा इथल्यांनीच काढलाय, पॅकेट धान्यकोठीला. शाळेसाठी पैसे गोळा करण्याच्या या विक्रीचा कंटाळा येतो हेही खरं. चॉकलेटचे बार, लॉटरी, कूपन, पुन्हा चॉकलेटचे बार. विकायला कुणी नातेवाईक नसलेल्या घराने सरळ ठरावीक रक्कम भरून सुटका मागावी. मिळते.

हॉलची किल्ली कुणाकडे असते, हा प्रश्न भेटीच्या वेळी जरूर विचारा. डिसेंबर २०२२ च्या त्याच हिमवादळात बफेलोशेजारच्या चिक्टोवागातल्या एका शाळेची खिडकी फोडून एका अडकलेल्या माणसाने वीसहून अधिक लोकांना आत घेतलं आणि जाताना माफीची चिठ्ठी ठेवली. पॅरिश शाळेत पलीकडे राहणारे धर्मगुरू, एखादा जुना देखभाल करणारा किंवा समोरच्या घरातल्या आजी, असं कुणीतरी पायी अंतरावर असतं. नसेल, तर या शाळेचा मोठा फायदा गेला.

पैसा, भविष्य आणि तारखा

फी शाळेगणिक वेगळी, पण रचना सारखी: धर्मग्रामस्थांसाठी कमी, बाहेरच्यांसाठी जास्त, दुसऱ्या भावंडाला सूट. मदतीचा अर्ज बहुधा फॅक्ट्स या ऑनलाइन यंत्रणेतून जातो आणि त्याला मागच्या वर्षीचं कर विवरण लागतं. उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्यांसाठी बायसन फंडाची शिष्यवृत्तीही आहे. शाळा किती वर्षं टिकेल हे स्पष्ट विचारायला संकोच नको. बफेलो धर्मप्रांताने फेब्रुवारी २०२० मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि २०२४ मध्ये धर्मग्रामांच्या विलीनीकरणाची मोठी योजना आली. मागचं धर्मग्राम विलीन होत असेल तर शाळेचं काय, पटसंख्या किती, बॉयलर किती जुना, याची उत्तरं मुख्याध्यापकांकडे तयार असायला हवीत.

शाळा बघायला जायचं तर जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात, कॅथलिक स्कूल्स वीकमध्ये. दारं उघडी असतात आणि बर्फही असतो. पोस्टर बघत बसू नका. बुटांच्या ट्रेखाली पाणी साचलंय का, कॉरिडॉर पुसायला कुणी आहे का आणि मधली सुट्टी संपल्यावर वीस लहान मुलांना बर्फाचे कपडे उतरवायला किती हात मदतीला आहेत ते बघा. एकटी शिक्षिका असेल तर गणिताची पंधरा मिनिटं रोज तिथेच जातात.

प्रवेश ठरला की त्याच दिवशी बसचा अर्ज करा. तो शाळेत नव्हे, राहत्या डिस्ट्रिक्टच्या वाहतूक कार्यालयात द्यायचा, पुढच्या शैक्षणिक वर्षासाठी १ एप्रिलच्या आत आणि दरवर्षी नव्याने. त्यानंतर डिस्ट्रिक्टमध्ये राहायला आलात तर आल्यापासून ३० दिवस मिळतात. पोच घेऊन ठेवा.